टर्बो की साधे इंजिन? मोटार कारखानदारांचे मत पुन्हा पुन्हा का बदलते



हुमनाबादवरून जाणाऱ्या सोलापूर-हैदराबाद महामार्गावर (पूर्वीचा ९ क्रमांकाचा, आताचा ६५ क्रमांकाचा) घटकाभर उभे राहिले तर एखाद्या ट्रकच्या कपाळावर ‘टर्बो’ हा शब्द हमखास वाचायला मिळतो. आता तो लहान मोटारींच्या पाठीवरही दिसू लागला आहे. या शब्दाला असा काही भाव आला की ज्यांचा इंजिनाशी काडीचाही संबंध नाही अशा पंख्यांना आणि शेगड्यांनाही विक्रेत्यांनी तो चिकटवून टाकला. तेव्हा टर्बो म्हणजे नेमके काय, आणि मोटारी बनविणारे कारखानदार कधी टर्बोच्या मागे धावतात आणि कधी त्याला सोडून पुन्हा साध्या इंजिनाकडे का वळतात, हे या लेखात समजून घेऊ.

विषय नुसता हौसेचा नाही. आपल्या शाळेच्या पालकांपैकी कित्येकांच्या घरची चूल गाडीवर चालते. कोणी उदगीर-बिदर, भालकी-बसवकल्याण अशी प्रवासी वाहतूक करतात, कोणी भाजीपाला हैदराबादला नेतात. बाकीच्यांच्याही घरात जमीन आणि घर यांच्याखालोखाल मोठी खरेदी असते ती गाडीचीच, आणि ती बहुधा हप्त्यांवर किंवा जुन्या बाजारातून होते. तिथे इंजिन निवडताना झालेली चूक पुढे चार-पाच वर्षे फेडावी लागते.

आधी साध्या इंजिनाचे पाहू. आपल्या विहिरीवरचे जुने किर्लोस्कर डिझेल इंजिन सर्वांनी पाहिलेले आहे. त्यातला दट्ट्या खाली जातो तेव्हा सिलिंडरमध्ये पोकळी निर्माण होते आणि बाहेरची हवा वातावरणाच्या दाबाने आपोआप आत शिरते. कोणी ती ढकलत नाही. मोटारीतल्या अशा इंजिनाला कारखानदार ‘नॅचरली अॅस्पिरेटेड’ म्हणतात. आमच्या मिस्त्री मंडळींचा शब्द त्यापेक्षा सुटसुटीत आहे: साधे इंजिन.

हवेला एवढे महत्त्व कशासाठी? कारण इंजिनाची ताकद जळणाऱ्या इंधनावर अवलंबून असली, तरी किती इंधन जळेल हे हवा ठरवते. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. आता एक गणित करा. १२०० सीसीचे चार स्ट्रोकचे इंजिन दर दोन फेऱ्यांत जास्तीत जास्त १.२ लिटर हवा ओढू शकते. मिनिटाला ३००० फेऱ्या झाल्या तर १५०० वेळा १.२ लिटर, म्हणजे १८०० लिटर. २०० लिटरची नऊ बॅरले हवा, तीही एका मिनिटात! प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही, म्हणून हा आकडा थोडा कमी धरावा. पण पेट्रोल कितीही ओतले तरी या हवेपेक्षा अधिक काही जळणार नाही.

यात आपल्या भूगोलाचाही हात आहे. बिदरचे पठार समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरांहून उंच आहे. इथली हवा मुंबईच्या किनाऱ्यापेक्षा सुमारे सात-आठ टक्के विरळ असते. त्यात कलबुर्गीकडचा मे महिना धरा. हवा तापली की फुगते, आणि २५ अंशांवरून ४५ अंशांवर गेलेली हवा तेवढ्याच जागेत सहा टक्क्यांनी कमी मावते. भरदुपारी, एसी लावून, सहा माणसे भरलेली साधी गाडी चढाला लागली की “पिकअप पडला” असे चालक म्हणतो. त्यात पुष्कळदा इंजिनाचा दोष नसतो, बिचाऱ्याला श्वासच पुरत नाही.

यावर उपाय लोहाराला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. भाता मारला, की तेवढ्याच कोळशात भट्टी अधिक तापते. टर्बो हा इंजिनाचा भाता. गंमत अशी की हा भाता ओढायला वेगळा माणूस लागत नाही, भट्टीतून निघून जाणारा धूरच तो ओढतो. इंधनातल्या उष्णतेचा जवळजवळ तिसरा हिस्सा सायलेन्सरवाटे वाया जातो. त्या वेगवान, तापलेल्या धुराच्या वाटेत एक चक्र बसवतात. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला आणखी एक चक्र असते, ते बाहेरची स्वच्छ हवा दाबून सिलिंडरात कोंबते. हवा जास्त, म्हणून इंधनही जास्त जळते, आणि लहान इंजिन मोठ्याचे काम करते. दाबलेली हवा तापते व फुगते, म्हणून ती आत सोडण्याआधी जाळीतून थंड करतात. त्या जाळीला इंटरकूलर म्हणतात.

बिदरच्या मुलांना याचे मोठे भावंड रोज डोक्यावर ऐकू येते. आपल्या हवाई दलाच्या तळावरून उडणाऱ्या हॉक विमानांच्या जेट इंजिनातही हेच तत्त्व आहे: पुढे हवा दाबणारी पाती, मागे गरम वायूने फिरणारी पाती, आणि दोघांना जोडणारा दांडा. टर्बोमध्ये हे सारे मुठीत मावेल एवढे लहान असते. त्याचा दांडा मात्र मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या घेतो. पेट्रोल गाडीत धुराचे तापमान ९०० अंशांच्या वर जाऊ शकते. इतक्या वेगाने फिरणारा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. हे तेल इंजिनाचेच ऑइल असते, हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. विमानांच्या इंजिनांना उंचावरच्या विरळ हवेत दम पुरावा म्हणून ती वापरात आली. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी टर्बो लावलेले इंजिन पाइक्स पीक या सुमारे १४,००० फूट उंचीच्या डोंगरावर नेऊन चालवून दाखवले. मोटारीत टर्बो आला १९६२ मध्ये, तोही अमेरिकेतच, ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर या गाड्यांतून. जेटफायरची गोष्ट मजेशीर आहे. पेट्रोल इंजिनात हवा फार दाबली की मिश्रण वेळेआधीच पेट घेते आणि इंजिन ठोके मारते, ज्याला आपण नॉकिंग म्हणतो. ते टाळण्यासाठी त्या गाडीत पाणी आणि मेथॅनॉलच्या मिश्रणाची वेगळी टाकी दिली होती. लोक ती भरायलाच विसरत! १९६३ नंतर कंपनीने ती गाडी बंदच केली. माणूस सगळीकडे सारखाच.

शर्यतीच्या मैदानातही असेच झाले. १९७७ मध्ये रेनॉने फॉर्म्युला वनमध्ये दीड लिटरचे टर्बो इंजिन उतरवले. समोरच्यांची साधी इंजिने तीन लिटरची होती. रेनॉची पिवळी गाडी इतक्या वेळा वाफ आणि धूर सोडत थांबे, की तिला ‘पिवळी किटली’ असे नाव पडले. पण १९७९ मध्ये तिने पहिली शर्यत जिंकली, आणि काही वर्षांतच सगळे टर्बोवर आले. ताकद इतकी वाढली की १९८९ पासून नियमानेच टर्बो बंद केले गेले, आणि २०१४ मध्ये इंधन वाचवायचे म्हणून नियमानेच ते परत आणले. टर्बो तोच होता, नियम मात्र फिरले. पुढची सगळी कहाणी समजायला हे उदाहरण पुरेसे आहे.

आपल्या भागात टर्बो आला तो मुख्यतः महाराष्ट्रातल्या कारखान्यांतून. १९९४ मध्ये पुण्याहून टाटा सुमो निघाली. (टेल्कोचे अध्वर्यू सुमंत मुळगावकर यांच्या नावाची आद्याक्षरे जोडून ‘सुमो’ झाले, जपानी पैलवानाशी तिचा संबंध नाही.) तिचे दोन लिटरचे डिझेल इंजिन सुरुवातीला साधेच होते. १९९८ मध्ये सफारी आली तेव्हा दोन लिटरच्याच इंजिनाला टर्बो जोडला गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस इंडिका दाखवली गेली. तिचे १४०५ सीसीचे डिझेल इंजिन साधे, सुमारे ५३ अश्वशक्तीचे. २००२ मध्ये महिंद्राने नाशिकहून टर्बो डिझेलची स्कॉर्पिओ आणली. स्कोडाची टर्बो पेट्रोल ऑक्टेव्हिया तेव्हाच्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, जोडली जात होती, पण ती आपल्या आवाक्यातली नव्हती.

सामान्य घरापर्यंत टर्बो पोहोचवला तो एका लहानशा इटालियन इंजिनाने. फियाटचे १२४८ सीसीचे मल्टिजेट डिझेल २००७ मध्ये मारुतीच्या स्विफ्टमध्ये आले. पुण्याजवळ रांजणगावला फियाट-टाटाच्या कारखान्यातही ते बनू लागले आणि इंडिका व्हिस्टातही बसले. फियाट, टाटा, मारुती अशा एकमेकांच्या स्पर्धकांनी एकच इंजिन वापरल्यामुळे लोक त्याला गमतीने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणत. जुन्या इंडिकाशी तुलना करा: सीसी दीडशेने कमी, पण ताकद ५३ ऐवजी ७५ अश्वशक्ती. चाक फिरवणारा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, तो तर दुपटीहून अधिक. टर्बोने काय फरक पडतो हे यापेक्षा स्वच्छ दाखवणारे दुसरे उदाहरण आमच्यापाशी नाही. डिझेलमध्ये फक्त हवा दाबली जाते, इंधन मागाहून फवारले जाते. म्हणून तिथे पेट्रोलसारखे नॉकिंग होत नाही, आणि टर्बोचे डिझेलशी पहिल्यापासून पटते.

त्या काळात डिझेल स्वस्तही होते. २०१० मध्ये पेट्रोलचे दर खुले झाले, डिझेलचे मात्र २०१४ पर्यंत सरकारी नियंत्रणात राहिले. २०१२ मध्ये दिल्लीत दोघांतली तफावत लिटरमागे तीस रुपयांच्या वर गेली होती. मग कोणता कारखानदार टर्बो डिझेल बनवणार नाही?

युरोपात तोवर पेट्रोल गाड्यांतही टर्बो भरू लागला होता. दोन लिटरचे साधे इंजिन काढून तिथे सव्वा किंवा एक लिटरचे टर्बो इंजिन बसवायचे. याचे खरे कारण चाचणीत दडले आहे. युरोपची जुनी मायलेज चाचणी बंद खोलीत, रोलरवर, जेमतेम वीस मिनिटांची आणि अतिशय संथ होती. तिच्यात गाडी जोर लावतच नसे. टर्बोला दाब द्यावाच लागत नसे, आणि लहान इंजिन लहान इंजिनाइतकेच इंधन पिई. कागदावर अॅव्हरेज उत्तम, कर कमी, कंपनी खूश. पण घाटात किंवा महामार्गावर तेच इंजिन पूर्ण दाबाने चालले की नॉकिंग टाळण्यासाठी आणि टर्बोला थंड ठेवण्यासाठी जादा पेट्रोल ओतावे लागे. म्हणजे टर्बोचा फायदा खोटा नव्हता, पण परीक्षेला येणारे प्रश्नच फार सोपे होते. अशा परीक्षेत पहिला आलेला मुलगा पुढे काय करतो हे शिक्षकांना विचारावे.

आपल्याकडची चाचणी त्याच युरोपीय नमुन्यावर बेतलेली आहे आणि तिच्यात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर धरतात. पुण्याची ‘एआरएआय’ ही संस्था अशा चाचण्या घेते, म्हणून जाहिरातीत तिचे नाव असते. जाहिरातीतला आकडा आणि भालकीहून बिदरपर्यंत येणारा आकडा यांत फरक का पडतो, याचे उत्तर इथे आहे. तो आकडा दोन गाड्यांची तुलना करायला उपयोगी आहे. घरखर्च मांडायला त्याचा उपयोग नाही.

२०१५ मध्ये फोक्सवॅगनने डिझेल गाड्यांच्या चाचणीत केलेली लबाडी अमेरिकेत उघड झाली आणि वारे फिरले. युरोपात २०१७ पासून चाचण्या कडक झाल्या, गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून धूर मोजणे सुरू झाले. तेव्हा इंजिन लहान करण्याची शर्यत थांबली आणि काही कंपन्यांनी त्यांचे आकारमान थोडे वाढवले. जपानच्या माझ्दाने तर २०११ पासूनच उलटी वाट धरली होती. टर्बो न लावता, साध्या पेट्रोल इंजिनातच मिश्रण अधिक दाबून अॅव्हरेज वाढवायचे, असा त्यांचा हट्ट होता. पोर्शेने काही मोटारींत टर्बो आणल्यावर २०२० मध्ये त्याच मालिकेत चार लिटरचे साधे इंजिन परत दिले. टर्बोमध्ये पाय दाबल्यावर दाब तयार व्हायला क्षणभर लागतो, आणि इंजिनाचा आवाजही दबतो. ते दर्दी गिऱ्हाइकांना रुचले नव्हते.

भारतात एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज सहा आला. डिझेलचा धूर स्वच्छ करण्याची यंत्रणा महाग पडते, म्हणून मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या. ब्रेझाचे उदाहरण पाहा. २०१६ मध्ये ती फक्त टर्बो डिझेलमध्ये मिळत होती, २०२० पासून ती दीड लिटरच्या साध्या पेट्रोल इंजिनावर आली. मारुतीने २०१७ मध्ये बलेनोत एक लिटरचे टर्बो पेट्रोल देऊन पाहिले, ते खपले नाही म्हणून काढले, आणि २०२३ मध्ये फ्रॉंक्समध्ये परत आणले. याउलट चाकणच्या फोक्सवॅगन-स्कोडाने २०२१ पासून कुशाक आणि टायगुन या गाड्या केवळ टर्बो पेट्रोलमध्येच दिल्या. टाटांच्या १२०० सीसीच्या पेट्रोल इंजिनाची दोन्ही रूपे आहेत: साधे सुमारे ८६ अश्वशक्तीचे, आणि नेक्सॉनमधले टर्बो सुमारे १२० चे. ह्युंदाईने २०२४ च्या क्रेटात साधे पेट्रोल, टर्बो पेट्रोल आणि टर्बो डिझेल ही तिन्ही दीड लिटरची इंजिने एकाच वेळी ठेवली. टाटांनी २०२५ च्या अखेरीस नव्या सिएरात तेच केले. ज्याला जे हवे ते घ्या, असा हा मामला.

करपद्धतीचाही यात मोठा वाटा आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाडीची व्याख्या ठरली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. अशा गाडीला कर कमी. ती व्याख्या थोड्याफार फरकाने आजही चालू आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, मोठीवर ४०. आता विसंगती पाहा. ह्युंदाई व्हेन्यूचे एक लिटरचे टर्बो इंजिन १२० अश्वशक्ती देते, तरी ती कायद्याने ‘लहान’. ब्रेझाचे साधे इंजिन सुमारे १०३ अश्वशक्तीचे, पण ते १४६२ सीसीचे असल्याने ती ‘मोठी’. कायदा सिलिंडरचे आकारमान मोजतो, आत किती हवा कोंबली हे मोजत नाही. आमच्या मते यामुळे टर्बोला मिळालेला टेकू त्याच्या गुणांपेक्षा मोठा आहे.

आणखी एक वाट आपल्याच राज्यातून निघाली आहे. बंगळुरूजवळ बिडदीला बनणारी इनोव्हा २००५ पासून टर्बो डिझेलसाठी प्रसिद्ध. २०२२ अखेरच्या हायक्रॉसला मात्र डिझेल दिलेच नाही. दोन लिटरचे साधे पेट्रोल इंजिन आणि, हायब्रिड प्रकारात, जोडीला विजेची मोटर. साधे इंजिन सुरुवातीच्या वेगात कमी पडते, नेमका तिथे मोटरचा जोर येतो. मग टर्बोची गरज राहत नाही.

मग आपण काय घ्यावे? गावातल्या गावात, बाजार आणि शाळा एवढेच फिरणे असेल तर साधे पेट्रोल इंजिन बरे. भाग कमी, दुरुस्ती कोणत्याही तालुक्यात होते. चार-पाच माणसे आणि सामान घेऊन नेहमी सोलापूर किंवा हैदराबाद गाठायचे असेल तर टर्बोचा जोर उपयोगी पडतो, ओव्हरटेक करताना जिवाची धाकधूक कमी होते. पण टर्बो घेतला तर त्याचे पथ्य पाळण्याची तयारी हवी.

ते पथ्य तेलाचे आहे. पुष्कळ चालकांना गाडी बंद करण्यापूर्वी एकदा जोरात रेस देऊन चावी फिरवण्याची सवय असते. साध्या इंजिनात त्याने फारसे बिघडत नाही. टर्बो गाडीत मात्र इंजिन थांबते, तेलाचा पंप थांबतो, आणि लाखभर फेऱ्यांनी फिरणारा तापलेला दांडा कोरडा पडतो. आत राहिलेले तेल जळून कोळसा होते. लांबून किंवा चढावरून जोरात आल्यावर मिनिटभर इंजिन नुसते चालू ठेवावे. नव्या गाड्यांतले टर्बो बहुधा पाण्याने थंड होतात, त्यामुळे धोका कमी झाला आहे, पण रस्त्यावर जुन्या गाड्याच जास्त आहेत. सकाळी सुरू केल्याबरोबर ताणू नये. सांगितलेल्या प्रतीचेच ऑइल, सांगितलेल्या किलोमीटरला बदलावे. दोन-तीनशे रुपये वाचवायला सुटे ऑइल ओतले की टर्बो बसतो, आणि त्याचा खर्च हजारांत जातो. खळ्यांच्या आणि उसाच्या दिवसांत धूळ फार उडते, तेव्हा एअर फिल्टर लवकर तपासावा. फाटक्या फिल्टरमधून गेलेला खडा त्या पात्यांवर गोळीसारखा आदळतो.

जुनी टर्बो डिझेल गाडी घेणाऱ्यांनी, पाटी केए असो, एमएच असो की टीएस, व्यवहाराआधी ओळखीच्या मिस्त्रीला घेऊन जावे. इंजिन थंड असताना टर्बोच्या तोंडावरचा हवेचा पाइप काढून दांडा बोटाने हलवून पाहावा. किंचित हालचाल चालते, पण पाते बाजूच्या भिंतीला घासत असेल तर टर्बो संपत आला आहे. पाइपात तेलाचा पुसट थर असणे नेहमीचे, मात्र तेल साचलेले नसावे. मग गाडी चढावर न्यावी. जोर लावताना नवी शिट्टी ऐकू आली किंवा मागून निळा धूर निघाला, तर नव्या टर्बोची किंमत गाडीच्या किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत. ऑइल केव्हा केव्हा बदलले याच्या पावत्याही मागाव्यात.